बेलार्मिनुचं विशेषण

बेलार्मिनु कारापेतुच्या नावावर ना जमीन होती, ना होडी. वरच्या दातांतले निम्मे जागेवर नव्हते आणि उरलेल्यांतला एक त्यानं स्वतःच होडीच्या फटी बुजवायच्या डिंकानं चिकटवलेला होता. पण त्याच्या नावावर एक विशेषण होतं, आणि अख्ख्या आरिबा गावात ते दुसऱ्या कुणाला लावायची कुणाची हिंमत नव्हती.

देझेनरश्कादु!

शब्द लांबलचक, पण आरिबाच्या कोळणी तो मासळीच्या टोपलीशी बसल्या बसल्या एका श्वासात म्हणत. घाटीवर कुणाची मोटार अडली, कुणाच्या होडीचं इंजिन खोकायला लागलं, कुणाचा नळ रुसला, की दुसऱ्या कुणाचा विचारही न करता हाक जायची, "अगं, बेलार्मिनुला बोलव! तो देझेनरश्कादु आहे." मग बंदराकडच्या आपल्या वर्कशॉपमधून बेलार्मिनु निघायचा. हातात हत्यार नाही, पिशवी नाही. हत्यारं घेऊन काय, कुणीही दुरुस्ती करतं! खिशात तांब्याची तार, ओठांत विझलेली सिगारेट, बाकी समोर दिसेल ते. डॉक्टरच्या मोटारीचा पट्टा तुटला तेव्हा त्यानं डॉक्टरच्याच बायकोचा पायमोजा बांधून गाडी चालवून दाखवली होती. चर्चच्या घड्याळाचा काटा निखळला तेव्हा सूप ढवळायचा डाव सरळ करून लावला होता. ते घड्याळ तेव्हापासून रोज दुपारी पावणेतीनला थांबतं आणि साडेतीनला आपखुशीनं चालू होतं. पण त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. बेलार्मिनुनं केलेली दुरुस्ती टिकली किती, असं विचारणं आरिबात असभ्य समजलं जातं.

याच गावात हर्मिनियु नावाचा कारकून होता. ग्रामकचेरीत बसायचा. त्याच्याकडं प्रत्येक गोष्टीची यादी असे आणि यादीतल्या प्रत्येक ओळीपुढं खूण. पावसाळ्याआधी तो गटारं साफ करून घेई. दोर तुटायच्या आधी बदलून घेई. लोक त्याला 'व्यवस्थित' म्हणत, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणत, जसा घरात कुणी आजारी असल्यावर आणतात. आता ज्याचं कधी काही अडतच नाही, त्याच्याविषयी संध्याकाळी कॅफेत बसून सांगायचं तरी काय?

तर त्या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात, संत पेद्रुच्या सणाला तीन दिवस असताना, राजधानीहून दोतोरा, म्हणजे विदुषी, बेनेदिता आल्या. बाई सडसडीत, पायांत पुरुषी बूट, गळ्यात दोरीला बांधलेली पेन्सिल. त्या पोर्तुगीज भाषेतल्या विशेषणांचा कोश लिहीत होत्या.

"प्रत्येक विशेषणाला मी एक जिवंत माणूस जोडते," कॅफेच्या कट्ट्यावर कॉफी ढवळत त्या म्हणाल्या. "नाव, गाव, सगळं छापते. 'हट्टी'ला मिळाला. 'कंजूष'ला तर अकरा अर्ज आले, सगळे बायकांनी पाठवलेले. 'देझेनरश्कादु'साठी सगळ्या किनाऱ्यावरून तुमचंच नाव ऐकू येतंय, सेन्योर बेलार्मिनु."

बेलार्मिनुनं छाती इतकी फुगवली की शर्टाचं बटण तुटायचंच, पण तुटलं नाही. त्या बटणाच्या जागी तारच होती.

"शब्दाचं मूळ ठाऊक आहे?" बाईंनी विचारलं.

"मूळ म्हणजे... मीच की!"

कॅफे हसला. दोतोराही हसल्या, पण पेन्सिल काही हलली नाही. "रास्का म्हणजे जुन्या काळचं, तळ खरवडत ओढायचं जाळं. त्यात अडकला तो गुंतला. त्यातून सुटला तो देझेनरश्कादु. शब्द तुमच्या कोळ्यांचाच. शहरातल्या लोकांनी तो नंतर मोटारींना आणि लग्नांना लावला."

"वा! म्हणजे आमच्याच घरातला!" बेलार्मिनु म्हणाला. "माझी बायको झुल्मिरा जाळीच तर विणते. घ्या मग लिहून. बेलार्मिनु कारापेतु. एक र, शेवटी उकार."

"असं ऐकीव मी लिहीत नाही," बाई म्हणाल्या. "एकदा डोळ्यांनी बघणार. रविवारी सणाची मिरवणूक बघून संध्याकाळच्या बसनं मी जाते. तोवर काही ना काही अडेलच की."

"अडेल?" पाववाला आदेरितु कट्ट्यावरून ओरडला. "बाई, हे आरिबा आहे! इथं न अडलेलं काही दाखवा, मी तुम्हाला पाव फुकट देतो."

बिचाऱ्या आदेरितुला त्या तीन दिवसांत खूप पाव फुकट द्यावे लागले. कारण त्या वर्षी सणाची सगळी व्यवस्था पहिल्यांदाच हर्मिनियुकडं होती.

शुक्रवारी सकाळपासून बेलार्मिनु गावभर हिंडला. मागं मागं पेन्सिल घेऊन दोतोरा.

"काय हो, तुमची पाण्याची मोटर गुरगुरत होती ना?"

"होती. हर्मिनियुनं बुधवारी नवीन बसवून घेतली. सणाला पाहुणे येणार ना."

"बँडवाल्यांचा तो मोठा ढोल? मागल्या वर्षी फाटला होता!"

"नवीन आणलाय, बेलार्मिनु. शिवाय एक जादाचा."

"धक्क्यावरची बोट? देवाला समुद्रावर नेणारी? तिचं इंजिन कसं आहे?"

"मांजरासारखं," बोटीचा मालक म्हणाला, आणि त्यानं इंजिन चालू केलं. खरंच मांजरासारखं! बेलार्मिनु त्या घुरघुरीकडं असा बघत राहिला, जसा उपाशी मांजराकडं उंदीर बघतो. नव्हे, उपाशी मांजरच भरल्या बिळाकडं बघतं तसा. शनिवारी सकाळी तर त्यानं कमालच केली. म्हाताऱ्या विधवेच्या दारात उभा राहून म्हणाला, "आजी, तुझं बिजागर करकरतंय का गं?" म्हातारी म्हणाली, "नाही रे बाळा. हर्मिनियुनं तेल घातलं. तुला बरं नाहीये का? चेहरा उतरलाय. आत ये, सूप पी." आणि दोतोरांनी वहीत काहीतरी लिहिलं.

शनिवारी दुपारी बेलार्मिनु घरी आला तेव्हा त्याच्या तोंडाची चव गेली होती. झुल्मिरा अंगणात बसून जाळं विणत होती. मांडीवर पसरलेलं ते हिरवं जाळं, बोटांत लाकडी सुई, ओठांवर तिच्या आईचं गाणं. चार महिने ती त्या जाळ्यावर बसली होती. यंदा ते संत पेद्रुच्या खांद्यावर पांघरायचं होतं.

वाऱ्यानं गं शीड फाडलं, वाऱ्याचं गं नाव झालं,
सुईनं गं शीड शिवलं, सुईला गं कोण बोललं?

"थांबव ते रडगाणं," बेलार्मिनु म्हणाला. "माझा इथं जीव चाललाय."

"कुठं चाललाय? जेवून जाऊ दे."

"झुल्मिरा, तुला नाही कळायचं. माणसाकडं एकच गोष्ट असते गं. आदेरितुकडं भट्टी आहे, पाद्रीबाबाकडं देव आहे. माझ्याकडं हा एक शब्द. उद्या संध्याकाळी ती बाई बसमध्ये चढली आणि तिच्या कोशात दुसऱ्या कुठल्या गावचा लुंगासुंगा बसला, तर मी काय उरलो? नळ दुरुस्त करणारा!"

"नळ तरी कुठं होतो दुरुस्त," झुल्मिरा म्हणाली. घरातला नळ आठ वर्षं तारेनं बांधलेला होता आणि त्याखाली तिनं आठ वर्षं बादली ठेवलेली होती. पण हे त्याला ऐकू गेलं नाही. कारण त्याच क्षणी बेलार्मिनुच्या डोक्यात एक विचार येऊन बसला होता.

जगात काही अडत नसेल, तर अडवायला हवं.

दुपारच्या जेवणाला अख्खं आरिबा घरात शिरतं. रस्त्यावर फक्त भाजलेल्या तारल्यांचा धूर असतो आणि मांजरं. तेवढ्या वेळात बेलार्मिनु बंदराच्या वरच्या अंगाला असलेल्या चर्चमध्ये गेला. संत पेद्रुची पालखी सजवायला तयार ठेवली होती. लाकडी चौथरा, पुढं-मागं खांद्यावर घ्यायचे दांडे, आणि मधे माणसाएवढा संत. हातात स्वर्गाची लोखंडी किल्ली. पायांशी दोन बोल्ट, एक बोटांपाशी, एक टाचेपाशी. बेलार्मिनुनं क्रूसाची खूण केली, "माफ कर रे बाबा, तूही कोळीच होतास," असं म्हणाला, आणि टाचेचा बोल्ट काढून पँटच्या खिशात टाकला.

बेत सोपा होता. उद्या उतारावर पालखी आली की संत थोडासा पुढं झुकेल. थोडासाच. बायका किंचाळतील. हर्मिनियु यादी चाळेल. मग गर्दीतून बेलार्मिनु येईल, खिशातून तार काढेल, तीन वेढे मारेल, आणि विझलेली सिगारेट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेत म्हणेल, "चला." बस्स! दोतोराबाईंची पेन्सिल चालू लागेल आणि पुढं शंभर वर्षं पोरं शाळेत ते वाचतील.

रविवारी सकाळी झुल्मिरानं त्याला इस्त्रीची काळी पँट, ती खांद्यांवरून धरून ठेवणारं गॅलिस आणि मंजेरिकुची कुंडी दिली. या दिवसांत आरिबात प्रत्येक जण आपल्या माणसाला तुळशीच्या भावकीतलं हे घमघमणारं रोप देतो, आणि त्यात खोचलेल्या कागदी झेंड्यावर चार ओळी लिहिलेल्या असतात.

"वाच की," ती म्हणाली.

"चष्मा कुठंय?"

झुल्मिरानं एप्रनच्या खिशातून चष्मा काढून दिला. त्या खिशातून काय निघत नसे! सुई, सुतळी, कात्री, खोकल्याची गोळी, बेलार्मिनुची हरवलेली प्रत्येक वस्तू. त्यानं चष्मा लावला, तर झेंड्यावर तेच रडगाणं. वारा, शीड, सुई. "छान आहे," तो म्हणाला आणि चष्मा तिथंच कुंडीशेजारी ठेवून निघाला. झुल्मिरानं तो उचलून परत खिशात टाकला.

चर्चच्या दारात हर्मिनियु यादी घेऊन उभा होता. "बरं झालं आलास. मागच्या दांड्याचा गडी कंबर धरून बसलाय, म्हणून माणसं हलवलीयत. पुढचा डावा दांडा तुझा."

"माझा?"

"तुझा. नाव लिहिलंय. शाईनं."

"अरे, पण मी... मी गर्दीत असायला हवा!"

"कशाला?"

दांडा खांद्यावर असलेला माणूस गर्दीतून येणार कसा? बेलार्मिनु तसाच मागं वळला आणि घराकडं पळत सुटला. बोल्ट परत बसवायचा. झालं तेवढं पुरे. कालची पँट खुंटीला नव्हती. ती अंगणात दोरीवर होती, ओली, उलटी, खिसे कुत्र्याच्या कानांसारखे बाहेर लोंबत.

"काय शोधतोस?" झुल्मिरानं विचारलं.

"काही नाही. धुतलीस होय?"

"धुतली. काही होतं का खिशात?"

बेलार्मिनुनं तिच्याकडं बघितलं. ती जाळ्याची शेवटची गाठ आवळत होती. "नाही," तो म्हणाला. "काय असणार?"

"मग झालं तर," झुल्मिरा म्हणाली.

त्यापेक्षा त्यानं तेव्हाच खरं सांगितलं असतं तर! पण विशेषण असलेल्या माणसाला खरं सांगायची सवय राहत नाही.

साडेदहाला मिरवणूक निघाली. पुढं बँड, मग पांढऱ्या कपड्यांतल्या मुली, मग पाद्रीबाबा, मग संत पेद्रु. चौथऱ्यावर हर्मिनियुनं मोजून साठ निळ्या फुलांचे गुच्छ लावले होते आणि संताच्या खांद्यांवरून झुल्मिराचं जाळं लाटेसारखं पुढं उतरलं होतं. ते बघून म्हाताऱ्या कोळ्यांचेही डोळे ओले झाले. उन्हात त्याच्या गाठी अशा चमकत होत्या जणू त्यात आधीच मासळी भरलीय. पुढच्या डाव्या दांड्याखाली बेलार्मिनु, उजव्या दांड्याखाली पाववाला आदेरितु. सपाट रस्त्यावर सगळं ठीक चाललं. मग बंदराचा उतार सुरू झाला.

टक्.

बेलार्मिनुच्या मानेवर काहीतरी गार टेकलं.

"आदेरितु," तो ओठ न हलवता म्हणाला, "माझ्या मानेवर काय आहे?"

आदेरितुनं तिरका डोळा केला. "स्वर्गाची किल्ली आहे. संत वाकलाय. अरे बेलार्मिनु, संत वाकलाय!"

"ओरडू नको. ऐक. माझ्या मागच्या खिशात तार आहे. हळूच काढ."

"संताच्या समोर मी तुझ्या मागच्या खिशात हात घालू? बायको बघतेय माझी!"

"घाल म्हणतो ना!"

आदेरितुनं घातला. तारेचं एक टोक हाताला लागलं, ते त्यानं ओढलं. दुसरं टोक गॅलिसच्या बकलात अडकलेलं होतं, हे त्याला काय माहीत? त्यानं जोर लावला. बकल सुटलं. गॅलिस सूं करत हवेत उडालं आणि जाऊन संताच्या किल्लीला अडकलं. ताणलेली तार जाळ्यात शिरली. आणि बेलार्मिनुची इस्त्रीची काळी पँट, आपल्याला आता कुणी धरून ठेवलेलं नाही हे ध्यानात येऊन, खाली निघाली.

माणसाला दोनच हात असतात. एक दांड्याला होता. दुसऱ्यानं त्यानं पँट धरली. दांडा कलंडला, उतारावरच्या शेवाळावर त्याचा बूट घसरला, आणि बेलार्मिनु बसला. तो बसला म्हणून आदेरितु गुडघ्यावर आला. पालखीचं पुढचं अंग खाली गेलं, आणि संत पेद्रु, एखाद्या म्हाताऱ्यानं पोराच्या कानात काही सांगायला वाकावं तसा, सगळाच्या सगळा पुढं आला. जाळं सरसरत उतरलं. बेलार्मिनु आत. चार महिन्यांच्या गाठी, डोक्यापासून बुटांपर्यंत.

संत पडला मात्र नाही. किल्लीला अडकलेलं गॅलिस अजून पँटला होतं, पँट बेलार्मिनुच्या मुठीत होती, आणि बेलार्मिनु जाळ्यात होता. त्या गॅलिसवर अख्खा संत तोलला होता.

बँड थांबला. जादाचा ढोल एकदाच वाजला, तो चुकून.

"हलू नको!" पाद्रीबाबा ओरडले. "हललास तर संत तोंडावर येईल!"

"मी कुठं हलतोय!" जाळ्यातून आवाज आला. "पण नाकाला खाज येतेय."

हर्मिनियुनं यादी उलटी करून बघितली, मागची बाजू कोरी होती. "ओहोटीला वीस मिनिटं आहेत," तो पांढऱ्या ओठांनी म्हणाला. "पाणी उतरलं तर बोट निघणार नाही. संत समुद्रावर गेला नाही असं एकही वर्ष झालेलं नाही. मी गुरुवारी बोल्ट तपासले होते! खूण आहे!"

लोक गोळा झाले. ज्याला त्याला काहीतरी सुचत होतं, आणि प्रत्येक सूचना आधी बेलार्मिनुला विचारावी असं सगळ्यांना वाटत होतं, कारण अशा वेळी दुसऱ्या कुणाला विचारायची गावाला सवयच नव्हती.

"बेलार्मिनु, आता काय करायचं रे? तू देझेनरश्कादु आहेस."

जाळ्याच्या एका चौकोनातून त्याचा एक डोळा दिसत होता. तो डोळा गर्दीत पेन्सिल शोधत होता. दोतोराबाई डोळ्यांवर ऊन येतं म्हणून पालखीच्या मागच्या बाजूला जाऊन उभ्या होत्या. ते त्याला दिसलं नाही. त्याला एवढंच दिसलं, की आपलं विशेषण एकेक अक्षरानं ओघळत उतारावरून समुद्राकडं चाललंय.

"चाकू आणा!" कुणीतरी म्हणालं. "कापा जाळं!"

"माझ्या जाळ्याला चाकू लावणाऱ्याचा हात मी कोपरापासून उतरवीन," मागून आवाज आला.

झुल्मिरा गर्दीतून वाट काढत आली. एप्रन तसंच. तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा संताकडं, आणि संताकडं जास्त मायेनं. मग ती उतारावर फतकल मारून बसली, जशी रोज अंगणात बसते, आणि खिशातून सुई काढली.

"तुम्ही दोघं," ती जवळच्या दोन कोळ्यांना म्हणाली, "संताला खांद्याला धरून हळूहळू उभं करा. ताणू नका, मी सांगेन तेव्हा. आदेरितु, तू पहिल्यांदा ते तोंड मीट. पाद्रीबाबा, तुमची प्रार्थना मनातल्या मनात. मला गाठ ऐकू यायला हवी."

मग ती सोडवू लागली. घाई नाही, हिसका नाही. एक गाठ, मग तिच्या शेजारची. तारेचं टोक तिनं असं काढलं जसा पोराच्या पायातला काटा काढतात. ओठांवर तेच गाणं. आजूबाजूच्या जाळं विणणाऱ्या बायकांनी ते नकळत ओठांतल्या ओठांत उचललं, आणि त्या उतारावर इतकी शांतता झाली की खाली पाणी दगडांना काय म्हणतंय तेही ऐकू यावं. संत एकेक बोट सरळ होत गेला. शेवटी ती उठली, फुलांच्या आडून पालखीच्या मागं गेली, आणि संताच्या टाचेशी वाकली.

कर्र... कर्र... कर्र.

पान्याचा आवाज. साडेतीन फेरे. चाळीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढलेल्या माणसाला हा आवाज झोपेतही कळतो. जाळ्यात बसलेल्या बेलार्मिनुच्या कानशिलांतून घामाची एक धार निघाली आणि डिंकानं चिकटवलेल्या दातापर्यंत आली.

झुल्मिरा पुढं आली. त्याच्या डोक्यावरचं शेवटचं जाळं उचलताना तिचं तोंड त्याच्या कानाशी आलं.

"पँट धुताना खिसे तपासायचे असतात," ती म्हणाली. बस्स, एवढंच.

आणि जाळं निघालं. एकही गाठ तुटली नव्हती. बेलार्मिनु एका हातानं पँट धरून उभा राहिला. वर संत ताठ, किल्ली उन्हात लखलखत. मग आदेरितु, ज्याला शांतता मुळीच सहन होत नसे, ओरडला, "बघितलंत काय? संताला अंगावर झेलला गड्यानं! गॅलिसवर तोलला! जगात कुणी गॅलिसवर संत तोललाय?"

"देझेनरश्कादु!" मागून कुणीतरी.

"देझेनरश्कादु!" अख्खा उतार.

बँडनं दोन्ही ढोल एकदम सुरू केले. बेलार्मिनुनं तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं, खरंच सांगायचं होतं. पण लोक त्याची पाठ थोपटत होते, पालखी उचलली जात होती, पाणी अजून होतं, आणि विझलेली सिगारेट ओठांत कुठून तरी परत आली होती. त्यानं ती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेली.

"चला," तो म्हणाला.

संध्याकाळी बस सुटताना दोतोराबाई खिडकीतून वाकल्या. "मिळालं मला उदाहरण, सेन्योर बेलार्मिनु. डोळ्यांनी बघितलं." मग त्या झुल्मिराकडं वळल्या. "तुमच्यासाठी कुठलं विशेषण लिहू, सेन्योरा?"

"मला कशाला?" झुल्मिरा म्हणाली. "माझ्याकडं गुंता राहतच नाही. मग कुणाला कळणार, होता म्हणून?"

पुढचे सहा महिने बेलार्मिनु सुखात होता. म्हणजे गावात सुखात होता. घरी त्यानं ऑगस्टमध्ये, कुणी न सांगता, नळाला नवा वॉशर बसवला. दुकानातून विकत आणून. झुल्मिरानं त्या दिवशी बादली उचलली आणि त्यात मंजेरिकु लावलं. ती काही बोलत नाही हेच बेलार्मिनुला जड जायचं.

नाताळाच्या आदल्या शनिवारी कोश आला. जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याचा. अख्खं गाव कॅफेत जमलं. हर्मिनियुनं खुर्च्या आधीच ओळीनं मांडल्या होत्या. बेलार्मिनु कट्ट्यावर चढला, पान उघडून चष्म्याशिवाय दिसेल इतकं लांब धरलं, घसा साफ केला.

"ऐका. 'देझेनरश्कादु. विशेषण. मूळ: रास्का, तळ खरवडणारं जाळं. अर्थ: अडचणीच्या जाळ्यातून, हाताशी असेल त्या साधनानं, झटपट सुटणारा.' झटपट! ऐकलंत? आता पुढं. 'उदाहरण...'" त्यानं मुद्दाम थांबून सगळ्यांकडं बघितलं. "'उदाहरण: आरिबा गावचे बेलार्मिनु कारापेतु हे देझेनरश्कादु आहेत...'"

टाळ्या पडल्या. आदेरितुनं कट्टा बडवला. पाद्रीबाबांनी वाइनचा पेला वर केला. आणि टाळ्यांच्या आवाजात बेलार्मिनुनं वाक्याचा उरलेला भाग मनात वाचला.

'...बोल्ट त्यांच्या पत्नीच्या खिशात असतो.'

"वाच की पुढं!" हर्मिनियु म्हणाला. "वाक्य संपलं नाही. मला इथून दिसतंय, पूर्णविराम खालच्या ओळीत आहे."

"हां, वाच वाच!" सगळे ओरडले.

बेलार्मिनुनं पुस्तक आणखी लांब धरलं, जवळ धरलं, दिव्याकडं नेलं. तार नव्हती, पायमोजा नव्हता, सूप ढवळायचा डाव नव्हता. तरी त्याला सुचलंच. उगाच नव्हतं ते विशेषण.

"अरेरे!" तो म्हणाला आणि पुस्तक मिटलं. "पुढचं अक्षर फार बारीक आहे हो. चष्मा घरी राहिला. जाऊ दे, मुख्य ते झालं. आदेरितु, ओत वाइन!"

शेवटच्या रांगेत झुल्मिरा उठली. खुर्च्यांमधून वाट काढत कट्ट्यापाशी आली आणि एप्रनच्या खिशात हात घातला.

"घरी नाही राहिला," ती म्हणाली. "हा घे."